आयेयोच्या गोष्टी कुणी ऐकायच्या?

पत्राचा सारांश: इंग्लंडमधील एका शहरात राहणाऱ्या मराठी वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे पती मूळचे सोमालीलँडमधील हर्गेसा शहराचे, सोमाली. ते शिक्षणासाठी पुण्यात आले असताना दोघांची ओळख झाली आणि पुढे लग्न झाले. लहानपणी, 1988 च्या युद्धात, पतींचे कुटुंब हर्गेसा सोडून इथिओपियातील निर्वासितांच्या छावणीत गेले होते. त्या काळाविषयी ते बोलत नाहीत. घरात तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. मुले आजीला सोमाली रीतीप्रमाणे ‘आयेयो’ म्हणतात. सासूबाईंना पुष्कळ गोष्टी, म्हणी आणि कविता तोंडपाठ आहेत. परंतु मुलांना सोमाली समजत असूनही ती उत्तर इंग्रजीत देतात, आणि सासूबाई चार वाक्यांतच थांबतात. पत्रलेखिकेने फोनवर ध्वनिमुद्रण करू पाहिले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. एरवी मात्र त्या हर्गेसातील बहिणींना दिवसभर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवत असतात. पतींचे म्हणणे असे की या गोष्टी यूट्यूबवर आहेतच, आणि माणसे खाणाऱ्या बाईची गोष्ट तर मुलांना न सांगितलेलीच बरी. “सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर हे सगळे जाईल, या विचाराने जीव कासावीस होतो. मी गोष्टी लिहून काढून पुस्तक करावे का? की परक्या घरातून आलेल्या सुनेने यात पडू नये? माझ्या मुलांना मराठी गोष्टीही धड येत नाहीत, मग हा अट्टाहास कशासाठी, असेही वाटते,” असे त्यांनी लिहिले आहे.

प्रिय ताई,

पुस्तक करावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जरूर करावे, पण आत्ता लगेच नको’ असे आहे. पत्र वाचताना मला जाणवले की गोष्टी सासूबाईंच्या मनात साठवलेल्या आहेत आणि वेळ निघून जाण्यापूर्वी त्या बाहेर काढून कुठेतरी सुरक्षित ठेवायच्या आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. ही भीती स्वाभाविक आहे. परंतु सोमाली घरात गोष्ट कशी सुरू होते ते आठवून पाहा. सांगणारी म्हणते, ‘शेको, शेको’, म्हणजे गोष्ट, गोष्ट. ऐकणाऱ्यांनी त्यावर ‘शेको हरीर’ म्हणायचे असते, म्हणजे रेशमाची गोष्ट. हे उत्तर आले की सांगणारी पुढे जाते. गोष्ट सांगणे हे पहिल्या शब्दापासूनच दोघांचे काम आहे आणि त्यातला ऐकणाऱ्याचा वाटा तुमच्या घरात सध्या कुणीच उचलत नाही. सासूबाई थांबतात याचे कारण मुलांचे इंग्रजी आहे, असे तुम्ही मानता. मला वाटते, समोरून हुंकारच येत नाही, हे त्याहून मोठे कारण असावे.

म्हणून सुरुवात अगदी छोटी करा. मुलांना ते दोन शब्द शिकवा, आणि आयेयोने ‘शेको, शेको’ म्हटले की मोठ्याने उत्तर द्यायचे, एवढेच सांगा. गोष्ट संपल्यावर त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारले तरी चालतील. भाषा पूर्ण समजणारी पण बोलायला संकोचणारी मुले स्थलांतरित घरांमध्ये फार असतात. त्यांना दर वाक्याला ‘सोमालीत बोल’ म्हणून टोकले, तर ती ऐकायलाही येईनाशी होतात. त्याऐवजी काही जागा सोमालीसाठी राखून ठेवाव्यात: सुरुवातीचे उत्तर, पात्रांची नावे, गोष्टीत येणारी पद्याची ओळ, आणि शेवट. मधला भाग मुलाने इंग्रजीत पुन्हा सांगितला तरी गोष्टीचा कणा सोमालीच राहतो. तुमच्या सासूबाईही नातवंडांना ‘आयेयो’ म्हणूनच हाक मारत असतील, कारण सोमाली घरांत आजी नातवाला आणि आई लेकराला स्वतःच्याच नात्याच्या नावाने हाक मारते. त्या हाकेला मुले इंग्रजीत उत्तर देत असली, तरी ती हाक त्यांच्यापर्यंत पोहोचते आहे, हे विसरू नका.

आता ध्वनिमुद्रणाच्या नकाराविषयी. तुमच्या पत्रात हा नकार थोडा हट्टासारखा उमटला आहे. परंतु यंत्रात आवाज भरणे ही तुमच्या सासूबाईंच्या पिढीला अजिबात नवी गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोमाली लोकांनी कॅसेटचा जेवढा मनापासून वापर केला, तेवढा फार थोड्या समाजांनी केला असेल. आखाती देशांत कामाला गेलेली माणसे घरी कॅसेटवर बोलून निरोप पाठवत, आणि कविता कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून गावोगाव पोहोचत असत. 1979-80 मध्ये गारिये या कवीने सुरू केलेली आणि हद्रावींसह अनेक कवींनी पुढे नेलेली ‘देलेय’ ही राजकीय कवितांची साखळी अशीच हातोहात फिरली. तेव्हा सासूबाईंना यंत्राचे वावडे नाही. बहिणीला पाठवलेल्या निरोपात ऐकणारी कोण, हे त्यांना ठाऊक असते. टेबलावर टेकवून ठेवलेल्या फोनला मात्र त्यांनी कुणासाठी सांगायचे? शिवाय आपला आवाज पुढे कुणाकडे जाईल, मध्येच एखादी ओळ आठवली नाही तर ते कायमचे नोंदले जाईल का, अशा शंका कोणत्याही स्वाभिमानी बाईच्या मनात येतील. त्यांना कारण विचारा, आणि ते तुमच्या पतींच्या मध्यस्थीने न विचारता तुम्हाला येते तेवढ्या सोमालीत विचारा. मग असे सुचवून पाहा की हर्गेसातल्या बहिणीलाच एखादी गोष्ट आवाजी निरोपातून सांगा आणि मुलांना शेजारी बसू द्या. तिथे ‘शेको हरीर’ म्हणणारे दोन आवाज आपोआप मिळतील आणि पलीकडून बहीण ‘असे नाही, आपली आई वेगळे सांगायची’ म्हणून दुरुस्तीही पाठवील. परवानगी मिळाली तर तेच निरोप तुमचा पहिला संग्रह ठरतील. परवानगी मिळाली नाही तर चोरून मुद्रण करू नका. घरातला विश्वास एकदा गेला की गोष्टीही जातात.

ध्वनिमुद्रणाचे मोल कमी आहे, असे मला सुचवायचे नाही. 1988 मध्ये हर्गेसावर बाँबहल्ले झाले, त्या काळात रेडिओ हर्गेसाच्या संग्रहातल्या फिती लोकांनी लपवून, काही जमिनीत पुरून, काही सीमेपलीकडे नेऊन वाचवल्या. आज हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात दहा हजारांहून अधिक कॅसेटी जपलेल्या आहेत. ज्यांनी जीव धोक्यात असताना फिती सांभाळल्या, त्यांना त्या पुन्हा ऐकल्या जातील याची खात्री वाटत होती, कारण त्या आवाजांना सवयीने दाद देणारा श्रोता तेव्हा होता. तुमच्या मुलांच्या बाबतीत तो श्रोता आधी घडवावा लागेल, आणि म्हणून मी क्रम उलटा करायला सांगते आहे.

आणखी एक भेद तुम्ही ध्यानात घ्यावा, कारण त्यावर पुढच्या कामाची पद्धत अवलंबून आहे. सोमाली परंपरेत कविता आणि गोष्ट यांना दोन वेगळे नियम लागू होतात. ‘गबय’सारखी गंभीर कविता शब्दशः पाठ केली जाते. म्हणणारा आधी कवीचे नाव आणि प्रसंग सांगतो आणि मग कवितेत एक शब्दही इकडचा तिकडे करत नाही. दुसऱ्याची कविता मोडूनतोडून म्हणणे हा दोष मानला जातो. एकच ध्वनी पूर्ण कवितेत ओळीमागून ओळ घुमत राहतो आणि तोच पाठांतराला आधार देतो. ‘देलेय’मधली प्रत्येक कविता ‘द’ या ध्वनीवर बांधलेली होती. साध्या म्हणीतही हे दिसते: ‘निन आन डुल मरिन डायो मा ले’, म्हणजे जो मुलूख फिरला नाही त्याला डोळे नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाला अशा म्हणीतला ‘ड’ शोधायला लावा. तुमच्यामुळे त्याच्या जिभेला तो ध्वनी आधीच सरावाचा आहे, आणि इंग्रजी शाळेतल्या त्याच्या मित्रांना तो काढताना कष्ट पडतील, याचा त्याला अभिमान वाटेल.

मुलांच्या गोष्टी मात्र अशा बांधलेल्या नसतात. त्या प्रत्येक आजीच्या तोंडी बदलतात, लांबतात, समोरच्या मुलाच्या वयाप्रमाणे सौम्य किंवा भयंकर होतात. म्हणून सासूबाईंच्या कविता तुम्ही टिपून घ्याल तेव्हा शब्दाशब्दाला जपा, कवीचे नाव आणि प्रसंग विचारा. गोष्टींच्या बाबतीत ‘खरे रूप कोणते’ हा प्रश्नच मनातून काढून टाका. एकच गोष्ट त्यांनी दोनदा वेगळी सांगितली तर दोन्ही रूपे ठेवा.

गोष्ट मुलांच्या हाती कशी द्यावी, याचे एक उदाहरण देते. वील वाल हा एकोणिसाव्या शतकात आजच्या इथिओपियातील जिगजिगा परिसरात होऊन गेलेला सरदार, आणि त्याच्या नावावर चातुर्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीत तो आपल्या लोकांना फर्मावतो की मेंढीचा असा भाग आणा, जो माणसांना एकमेकांचे शत्रूही करू शकतो आणि भाऊही. सगळे चांगले चांगले मांस घेऊन येतात. एका गरीब माणसाची मुलगी मात्र बापाला मेंढीची अन्ननळी न्यायला सांगते. बाप लाजतो, पण नेतो, आणि वील वाल चमकतो, कारण नेमके हेच उत्तर त्याला हवे असते. आता इथे सांगणाऱ्याने थांबायचे. अन्ननळीच का, हे मुलांनी सांगायचे. जेवताना सांगितली तर फारच चांगले, कारण ताटातला घास वाटून खाण्याची आणि एकट्याने गिळण्याची ती गोष्ट आहे. वील वालला कळते की हे उत्तर त्या माणसाचे नव्हे, आणि शोध घेता घेता तो त्या मुलीपर्यंत पोहोचतो. पुढच्या आठवड्यात हीच गोष्ट मुलाने आयेयोला सांगावी आणि आयेयोने चुका काढाव्यात. ज्या आजीला ‘सांगा ना’ म्हणून विनवावे लागते, ती चूक ऐकली की गप्प बसू शकत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी मी अरावेलो सुचवीन. पुरुषांवर कठोर राज्य करणाऱ्या या दंतकथेतल्या राणीची कबर समजल्या जाणाऱ्या दगडांच्या राशींवर पुरुष जाता-येता दगड टाकतात आणि बायका हिरवी डहाळी ठेवतात, असे सांगतात. मुलीने आयेयोकडून अरावेलोची गोष्ट ऐकावी, मग तीच एखाद्या काकांकडून किंवा आजोबांच्या वयाच्या गृहस्थांकडून ऐकावी. या वयाच्या मुलींना बाळगोष्टींचा कंटाळा येतो, पण राणी दुष्ट होती की तिला दुष्ट ठरवले गेले, यावर वाद घालायला त्या एका पायावर तयार असतात. त्या वादाची भाषा इंग्रजी असली तरी हरकत नाही.

आता डेगडेर, म्हणजे तुमच्या पतींना नको असलेली लांब कानाची, माणसे खाणारी बाई. तिचा तो कान दूरवरची पावले टिपतो, आणि तिच्या वेगापुढे कुणाचे काही चालत नाही. तिची गोष्ट अनेक रूपांत सांगतात. काहींमध्ये तिची स्वतःची मुलगीच तावडीत सापडलेल्यांना वाचवते. सोमाली मुलांच्या अनेक पिढ्या तिला घाबरत वाढल्या आणि शेवटी ‘डेगडेर डिमतय, डुल्की नबद’ असे म्हणून निश्चिंत झाल्या. डेगडेर मेली, मुलखात शांतता आली, असा त्याचा अर्थ. गोष्टीतली भीती काढून टाकली तर ही शांतताही मिळत नाही, म्हणून ती पुसून गोड करण्याच्या मी विरोधात आहे. सांगण्याची वेळ आणि बेत मुलाच्या स्वभावाप्रमाणे ठरवा. धाकटा घाबरट असेल तर झोपायच्या वेळी नको, दिवसाउजेडी सांगा.

परंतु पतींच्या नकारामागे काय आहे, हे मात्र हळुवारपणे पाहायला हवे. ज्या वयात मुले डेगडेरला घाबरतात, त्या वयात त्यांनी खरोखरीचे शहर कोसळताना पाहिले. कदाचित या गोष्टी त्यांनी छावणीतल्या रात्री ऐकल्या असतील आणि त्या ऐकल्या की बाकीचेही आठवत असेल. हा माझा केवळ तर्क आहे. त्यांना एकदा विचारा, आणि ते बोलले नाहीत तर पुन्हा विचारू नका. डेगडेर काही महिने थांबू शकते. त्यांच्याकडून एकच मदत मागा: आई ‘शेको, शेको’ म्हणेल तेव्हा मुलांबरोबर बसून उत्तर द्यायचे. ते उत्तर त्यांच्या ओठांवर लहानपणापासून आहे. आजी आणि नातवंडे यांच्यामध्ये बसणारा, दोन्हीकडचे कळणारा श्रोता घरात तेच आहेत, आणि त्यांची जागा तुम्ही घेऊ पाहाल तर दमून जाल. यूट्यूबविषयीचे त्यांचे म्हणणे मी पूर्ण खोडणार नाही. तिथे सोमाली गोष्टी आहेत आणि शब्द कानावर पडायला त्यांचा उपयोग होतो. मात्र पडदा चुका काढत नाही आणि उत्तराची वाटही पाहत नाही, तेव्हा तो आयेयोच्या जोडीला असावा, तिच्या जागी नसावा.

तुम्ही स्वतःला परक्या घरातून आलेली म्हणता, ते वाचून मला वाईट वाटले. घरात लहान मुलांना गोष्टी सांगणे हे सोमाली परंपरेत मुख्यतः बायकांचेच काम राहिले आहे, आणि त्या घरातल्या दोन मुलांची आई तुम्ही आहात. एवढे पथ्य मात्र पाळा की तुम्ही मदतनीस असावे आणि निर्णय सासूबाईंचा असावा. काय लिहायचे, काय वगळायचे, कुणाला ऐकवायचे, हे त्या ठरवतील. मराठीविषयीचा तुमचा सल मला कळतो, पण एका भाषेतल्या गोष्टींनी दुसरीची जागा अडते, असे मला वाटत नाही. आयेयोने गोष्ट संपवली की त्याच बैठकीत तुम्ही ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरुवात करा. एका भाषेत हुंकार द्यायला शिकलेले मूल दुसऱ्या भाषेतही देते, आणि सासूबाईंना तुमची गोष्ट ऐकायची उत्सुकता असेल, याचीही शक्यता धरून चला.

घराबाहेरचे जगही यात आणायला हवे. सोमाली लग्नांत आणि बायकांच्या मेळाव्यांत ‘बुरानबुर’ हे खास स्त्रियांचे काव्य आजही ढोलाच्या तालावर म्हटले जाते, आणि इंग्लंडमधल्या सोमाली वस्त्यांतही ते जोमात आहे. मुलीला सासूबाईंबरोबर तिथे पाठवा. आपली आजी जिथे मान घेते ती जागा तिने पाहायला हवी. लंडनमध्ये ‘कय्द’ ही संस्था सोमाली सप्ताहाचा महोत्सव भरवत आली आहे आणि त्यात कवी, कथाकार आणि तरुण श्रोते एकत्र येतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सोमाली आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लोककथांची पुस्तके निघाली आहेत, आणि मिनिआपोलिस शहरात 2013 पासून सोमाली संग्रहालय आहे. ज्या वाचकांच्या घरी सोमाली नसून कोकणी, अहिराणी किंवा गोंडी बोलणारी आजी आहे, त्यांनीही घराबाहेर अशी एखादी जागा शोधावी, जिथे मुलांना आपल्यासारखीच दुसरी मुले दिसतील.

मग पुस्तक. काही महिने गोष्टी ऐकून-सांगून झाल्यावर, मुले स्वतःहून ‘ती वाली सांग’ म्हणू लागली की लिहायला घ्या. लिहिताना सोमाली मजकूर सोमालीच्या रोमन लिपीत आधी, आणि त्याखाली मराठी व इंग्रजी अर्थ, असे करा. सोमाली ही मौखिक परंपरेची भाषा असली तरी ती लिहिता येत नाही असा समज कुणी करून घेऊ नये. 21 ऑक्टोबर 1972 रोजी तिच्यासाठी रोमन अक्षरे निश्चित झाल्याची घोषणा झाली, आणि 1974-75 मध्ये शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थ्यांना भटक्या पशुपालकांमध्ये साक्षरतेसाठी पाठवण्यात आले. तुमच्या सासूबाई तेव्हा तरुण होत्या. त्या शिकणाऱ्यांत होत्या की शिकवणाऱ्यांत, हे त्यांना नक्की विचारा. त्या लिहू शकत असतील तर निदान एका गोष्टीचा पहिला खर्डा त्यांच्याच हातचा असू द्या, आणि शुद्धलेखन मुलांनी त्यांच्याकडून शिकावे.

प्रत्येक गोष्टीखाली ती कुणाकडून ऐकली, कुठल्या गावी, सासूबाई तेव्हा किती वर्षांच्या होत्या, एवढी नोंद असावी. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह करताना गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांच्या चमूने गाणारीचे आणि तिच्या गावाचे नाव ओवीसोबत जपले. त्यामुळे आज ती ओवी कुणाची हे सांगता येते. सासूबाईंचे नावही पुस्तकावर सांगणारी म्हणून ठळक यावे आणि तुमचे त्याखाली, लिहून घेणारी म्हणून. ध्वनिमुद्रणे असतील तर त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि बाहेरच्या एखाद्या संग्रहाला द्यायची वेळ आली तर कोणत्या द्यायच्या आणि कोणत्या घरातच ठेवायच्या, हे सासूबाईंकडून आत्ताच विचारून लिहून ठेवा. छापलेल्या पहिल्या प्रती हर्गेसातल्या बहिणींना पाठवा. त्यांच्याकडून ज्या दुरुस्त्या येतील, त्या दुसऱ्या आवृत्तीत घ्या.